वसंत ३, पाऊस

पहिला कॅटफिश मी विकून टाकला. दोनशे नाण्यांना. समुद्रकिनाऱ्यावर विली नावाच्या दाढीवाल्या कोळ्याचं दुकान आहे. त्याच्या गल्ल्यावर मासा ठेवला, पैसे मोजून घेतले आणि दुसऱ्या दिवशी त्या पैशांतून बटाट्याचं बियाणं आणलं. पन्नासला एक, अशी चार. आपण काहीतरी शहाणपणाचं केलं, अशी माझी त्या वेळी ठाम समजूत होती.

मासा मी धरलेलाही नव्हता. धरला होता माझ्या भाचीने. गेल्या दिवाळीत ती आमच्याकडे आठ दिवस राहायला होती. माझ्या जुन्या लॅपटॉपवर तिने ‘स्टारड्यू व्हॅली’ हा खेळ टाकून दिला आणि म्हणाली, “मामा, तू बातम्या वाचून चिडतोस ना, त्यापेक्षा शेती कर.” मी रायगड जिल्ह्यातला, खारेपाटातला. आमच्याकडे शेती ‘कर’ असं कुणी सल्ला म्हणून सांगत नाही. पण चित्रं छान होती, जुन्या व्हिडिओ पार्लरमधल्या खेळांसारखी चौकटीचौकटीची. बसलो.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुम्ही जोजा नावाच्या कंपनीत खुराड्यासारख्या टेबलाशी काम करत असता. आजोबांनी मरताना दिलेलं पाकीट एके दिवशी उघडता, तर आत गावाकडच्या शेताची कागदपत्रं. पेलिकन टाउन नावाच्या गावाबाहेर दगड, झुडपं आणि ओंडके माजलेली ती जमीन, खिशात ५०० नाणी, हातात कुदळ, कुऱ्हाड आणि झारी. वर्षाचे चार ऋतू, प्रत्येक ऋतू बरोबर २८ दिवसांचा, आणि खेळातला एक दिवस म्हणजे आपल्या घड्याळातली जेमतेम चौदा मिनिटं. रात्री दोनपर्यंत अंथरुणात पोचला नाहीत तर आहात तिथे कोसळता. बाकी सगळं तुमच्या कष्टावर. पेरलं की उगवतं, पाणी घातलं की वाढतं, ठरलेल्या दिवशी ठरलेल्या भावाने विकलं जातं. भाव पडत नाही, दलाल नाही, सावकार नाही. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला पहिल्या तासाभरात याचा थोडा रागच येतो.

या राज्यात एकच वस्तू अशी भेटली जी कष्टाने मिळत नाही, किंवा नुसत्या कष्टाने मिळत नाही. ती म्हणजे नदीतला कॅटफिश. तो फक्त पावसात लागतो. वसंतात आणि शरदात, सकाळी सहा ते मध्यरात्री बारा, आणि पाऊस पडत असेल तरच. कोरड्या दिवशी दिवसभर नदीकाठी उभे राहा, तुमच्या गळाला चप्पट झालेला चष्मा लागेल, भिजलेलं वर्तमानपत्र लागेल (माझ्या धंद्याची ही किंमत मला खेळातही कळली), हा लागणार नाही.

आता पहिल्या वर्षाच्या वसंतातला तिसरा दिवस. हा खेळ जगात कुणीही, कुठेही नव्याने सुरू करो, या दिवशी पाऊस पडतोच. पुढचे बरेचसे दिवस नशिबाचे असतात, हा लिहून ठेवलेला आहे. आणि त्याच्याभोवतीची मांडणी बघा. दुसऱ्या दिवशी सकाळी विलीचं पत्र येतं, किनाऱ्यावर गेलात तर तो तुम्हाला बांबूची गळकाठी फुकट देतो. तिसऱ्या दिवशी पाऊस, म्हणजे पिकाला पाणी घालायचं काम नाही. तो वार बुधवार, म्हणजे पिएरचं बियाण्याचं दुकान बंद. डोंगरातली खाण पाचव्या दिवसापर्यंत दरड पडून अडलेली. हाताला दुसरं कामच नाही. बनवणाऱ्याने हे मुद्दाम केलं असेल असं माझं अनुमान आहे. पण मुद्दाम नसेल तर हा योगायोग फारच घोटीव आहे. पावसाच्या दिवशी शेतावर काम नाही, म्हणून माणूस नदीवर जातो. आमच्याकडे पेरणी आणि लावणीच्या मधल्या दिवसांत पुरुष माणसं बांधावर दिसायची, ती काय वेगळ्या कारणाने?

तर मी त्या पावसात नदीवर गेलो. गळ टाकला. काही सेकंदांनी डोक्यावर उद्गारचिन्ह उमटलं, मी बटण दाबलं आणि पडद्यावर एक उभी, अरुंद चौकट आली.

ही चौकट म्हणजे या खेळातली सगळ्यात जास्त शिव्या खाल्लेली जागा. तिच्यात माशाचं एक छोटं चित्र वरखाली पळत असतं आणि खाली एक हिरवी पट्टी असते. बटण दाबून धरलं की पट्टी वर जाते, सोडलं की खाली येते. मासा पट्टीच्या आत राहिला तर बाजूची नळी भरत जाते, बाहेर गेला की रिकामी होत जाते. भरली की मासा तुमचा, रिकामी झाली की गेला. ऐकायला इतकं सोपं. गोम अशी आहे की पट्टीला वजन आहे. दाबल्यावर ती लगेच वर जात नाही, आळस देत उठते. आणि एकदा उठली की सोडल्यावरही थोडी वर सरकतच राहते. खाली सोडली तर तळाला आपटून चेंडूसारखी उडते. म्हणजे मासा आता कुठे आहे ते बघून चालत नाही, तो पुढच्या क्षणी कुठे असेल ते धरून बटण सोडावं लागतं. त्यात अधूनमधून चौकटीत खजिन्याची पेटी दिसायला लागते. ती हवी असेल तर पट्टी काही क्षण पेटीवर न्यायची, तोवर मासा मोकळा. ही पेटी ज्याने घातली त्याला माणसाचा स्वभाव चांगला ठाऊक आहे.

प्रत्येक माशाला खेळाने अवघडपणाचा एक आकडा दिलेला आहे. डोंगरातल्या तळ्यातल्या कार्पचा आकडा १५. तो भाजी मंडईत फिरायला आल्यासारखा फिरतो. नदीतल्या सनफिशचा ३०. हा सनफिश उन्हाच्या दिवशी लागतो, ३० नाण्यांना जातो, आणि मी तो वसंतात आणि उन्हाळ्यात किती विकला त्याचा हिशेब नाही. कॅटफिशचा आकडा ७५. शिवाय माशांच्या चालीही ठरलेल्या: कुणी सावकाश सरकतो, कुणी तळ धरतो, कुणी वर तरंगतो, कुणी झटके मारतो. कॅटफिश ‘मिश्र’ चालीचा, म्हणजे त्याला चाल अशी नाहीच. तुम्ही त्याच्याबरोबर वर जाता आणि पट्टीने नेमका वेग घेतला की तो खाली. आणि शिकाऊ माणसाची पट्टी असते ९६ ठिपके उंच, चौकटीच्या साधारण सहाव्या हिश्श्याएवढी. मासेमारीतली पातळी एकेकाने वाढली की ती आठआठ ठिपक्यांनी वाढते. दहाव्या पातळीला १७६. म्हणजे ज्या दिवशी पाऊस नक्की आहे, त्या दिवशी हात कच्चा. आणि हात पिकतो तोवर पाऊस नशिबाचा झालेला असतो.

त्या बुधवारी मी सहा कॅटफिश घालवले. ते कॅटफिशच होते हे भाचीने नुसत्या चालीवरून ओळखलं. मला पळणारा मासा तेवढा दिसत होता. सहावा गेला तेव्हा तिने लॅपटॉप ओढून घेतला. तिचं बोट बटणावर ठेवलेलं नव्हतं, ते बटणावर नाचत होतं. टिकटिक, टिकटिक, अर्धंमुर्धं दाबत. स्वयंपाकघरात फोडणी देताना आई गॅसच्या बटणाशी जसं सतत काहीतरी करत राहायची तसं. “मामा, दाबून धरायचं नाही. थोपटायचं,” ती म्हणाली. मासा आला.

तो मी विकला, हे वर सांगितलंच.

पाच-सहा दिवसांनी कळलं काय केलं ते. गावात एक पडकं कम्युनिटी सेंटर आहे, गावाचा सरपंच म्हणावा असा लुईस एका कोरड्या सकाळी ते उघडून दाखवतो. आत जुनिमो नावाचे फळांसारखे दिसणारे वनदेव राहतात. त्यांना ठरावीक वस्तूंचे संच आणून दिले की ते इमारत सावरतात. माशांच्या खोलीतला एक संच नदीच्या माशांचा: सनफिश, शॅड, टायगर ट्राउट आणि कॅटफिश. चारांपैकी चारही हवेत. हे सगळं पुरं केलं तर गावातल्या जोजाच्या दुकानाला टाळं लागतं. नाहीतर पाच हजार नाणी भरून जोजाचं सदस्यत्व घ्यायचं, सेंटरच्या जागी त्यांचं गोदाम, आणि मग सगळी कामं पैसे टाकून. मी युनियनवाल्या बापाचा मुलगा. दुसरा रस्ता बंद होता.

“धरून दे ना परत,” मी फोनवर म्हणालो. ती तोवर होस्टेलला परतली होती.

“एकदा दिला होता. आता तू धर.”

हा खेळ एका माणसाने बनवला, हे मला त्या दिवसांत वाचायला मिळालं आणि राग थोडा निवळला. एरिक बरोन, अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातला. २०११ मध्ये टॅकोमाच्या विद्यापीठातून संगणकशास्त्राची पदवी घेतली, नोकरी लागेना. सराव म्हणून, मुलाखतीत दाखवायला म्हणून एक छोटा खेळ करायला घेतला. तो वाढतच गेला. साडेचार वर्षं चित्रं, संगीत, संवाद, सगळी संगणकीय मांडणी त्याने एकट्याने केली. मासेही त्याचेच आणि त्या हिरव्या पट्टीचं वजनही त्याचंच. घरखर्च मुख्यतः त्याची मैत्रीण चालवत होती, तो सिएटलच्या एका नाट्यगृहात लोकांना जागा दाखवायचं काम करायचा. चित्रं आवडली नाहीत की पुसून पुन्हा काढायचा. २६ फेब्रुवारी २०१६ ला खेळ बाहेर आला. डिसेंबर २०२४ पर्यंत त्याच्या ४ कोटी १० लाखांहून जास्त प्रती विकल्या गेल्या होत्या. बारा भाषांत तो अधिकृतपणे खेळता येतो; हंगेरियन आहे, तुर्की आहे, भारतातली एकही नाही. मराठीत आला तर या माशाचं काय करतील, हा विचार मी कामाच्या सवयीने करून पाहिला. ‘मांजरमासा’ म्हटलं तर लोक हसतील. ‘शिंगाळा’ म्हटलं तर ज्यांना कळायचं त्यांना कळेल. आमच्याकडे भाषांतर झालं तर ‘चिवणी’. त्यावर पुढे येतो.

बरोनच्या आधीचा माणूस जपानचा. यासुहिरो वादा. क्युशू बेटावरच्या खेड्यात वाढलेला आणि टोकियोत नोकरीला आलेला. शहरात त्याला गावाची आठवण यायला लागली आणि त्यातून १९९६ मध्ये जपानमध्ये शेतीचा एक खेळ आला, जो बाहेर ‘हार्वेस्ट मून’ नावाने ओळखला जातो. मारामारी नसलेला खेळ विकला जाईल का, ही त्या काळात शंकाच होती. बरोन लहानपणी तो खेळून वाढला. त्या मालिकेचे पुढचे भाग त्याला पूर्वीसारखे वाटेनात, म्हणून त्याने स्वतःचा केला. म्हणजे क्युशूच्या खेड्याची एका जपान्याला आलेली आठवण, ती खेळून वाढलेल्या अमेरिकन मुलाने पुन्हा रचलेलं खेडं, आणि त्यात पुण्यातल्या फ्लॅटमध्ये बसून नदीकाठी उभा असलेला मी. आठवणीच्या या तिसऱ्या हाताच्या व्यवहारात माझा स्वतःचा माल वेगळाच निघाला.

आमच्या खाडीकाठी गोड्या-खाऱ्या पाण्याच्या वेशीवर चिवणी मिळते. शास्त्रात मिस्टस गुलिओ. वीतभर, बिनखवल्याची, लांब मिशांची, म्हणजे अस्सल कॅटफिश. पावसाच्या पहिल्या सरींनी ओढ्यांचं गोडं पाणी खाडीकडे धावायला लागलं की पोटात गाभोळी घेतलेल्या माद्या वर चढतात. मासे असे उलट्या पाण्याने चढून शेतात येतात त्याला आमच्याकडे वलगण म्हणतात. खारबांधाला जिथे पाणी सोडायची दारं असतात, त्या उघाडीवर आमचे थोरले काका गरी घेऊन बसायचे. कुणी पाग टाकायचं, कुणी बांधाच्या खांडीत बांबूचा आसू लावायचं. काकांना गरीच आवडे. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. पाऊस पडला न पडला की मी मागे लागायचो, काका चला. ते उघाडीपाशी नेऊन मला गुडघाभर पाण्यात उभं करायचे आणि खाली बघायला सांगायचे. पाय दिसतात का? दिसतात. मग चल घरी. “पान्यान पाय दिसाला नाय पायजे, मंग गरी टाक,” एवढंच त्यांचं शास्त्र.

ते शास्त्र खरं आहे. कॅटफिश जातीच्या माशांच्या मिशांवर चवीच्या कळ्या असतात, आणि नुसत्या मिशांवर नाही, अंगभर असतात. सगळा मासा म्हणजे पोहणारी जीभ. पाणी गढूळ झालं की डोळ्यांवर जगणारे मासे चाचपडतात आणि याचं राज्य सुरू होतं. पावसाने काठावरचे किडे, गांडुळं, कुजलेला पाला नदीत लोटला जातो, तेही याला सोयीचं. पावसात कॅटफिश लागतो हे जगभरचे गरवणारे मानतात. बरोनने खेळात हवामानाची ती एक अट घातली तेव्हा त्याने हवेतून काही काढलं नव्हतं.

आणि या माशांशी आपल्या पठाराचंही जुनं नातं आहे. मुंबई सरकारच्या नोकरीतला कर्नल साइक्स नावाचा अधिकारी एकोणिसाव्या शतकात दख्खनभर आकडेवारी गोळा करत हिंडत होता. माणसं, पिकं, पक्षी आणि मासे, काही सोडलं नाही. १८३९ मध्ये त्याने दख्खनच्या नद्यांतल्या माशांची शास्त्रीय वर्णनं छापली, त्यात पुण्याच्या मुळा-मुठेतला एक मोठा कॅटफिश होता. त्या जातीचं नाव पुढे बगेरिअस यारेली झालं, आणि नावापुढे शास्त्राच्या रिवाजाप्रमाणे ‘साइक्स, १८३९’. मी राहतो तिथून मुठा चालत दहा मिनिटांवर आहे. पुलावरून खाली बघतो तेव्हा पाणी बारा महिने इतकं गढूळ असतं की काकांच्या शास्त्राप्रमाणे कधीही गरी टाकावी. टाकत कुणी नाही.

एका बाबतीत खेळाचं आणि माझं पटलं नाही. तिथले मासे संपत नाहीत. एका पावसात वीस कॅटफिश काढा, पुढच्या पावसात तेवढेच. डोंगरातल्या तळ्यात वसंतातल्या पावसात लागणारा ‘लेजंड’ नावाचा एक महामासा आहे, अवघडपणा ११०, किंमत पाच हजार. तो आणि त्याच्यासारखे मोजके महामासे मात्र एकदाच मिळतात. बाकी सगळे अक्षय. वलगणीचं तसं नाही. चढणारी मादी अंडी घालायला चाललेली असते, आणि आम्ही तिला नेमकं गाभोळीसाठी धरत होतो. त्या तळलेल्या गाभोळीची चव मी नाकारणार नाही. पण गेल्या काही वर्षांत गावी गेलो की उघाडीवर बसलेली माणसं दिसतात, आणि संध्याकाळी त्यांच्या पिशव्या खिशात घडी करून ठेवण्याइतक्या हलक्या असतात.

असो. मी वसंतात होतो.

खेळात घरी दूरदर्शन संच आहे आणि त्यावर रोज उद्याचं हवामान सांगतात. तो अंदाज कधीही चुकत नाही. हे समजायला मला वेळ लागला, कारण माझ्या डोक्यात रेडिओवरचा अंदाज ऐकून काकांना येणारं हसू होतं. इथे उद्या पाऊस म्हणाले की उद्या पाऊस. त्यामुळे वाट बघण्याची जातच बदलते. आमच्याकडे ढग बघत बसायचो; इथे रोज सकाळी सहाला संच लावायचा आणि ‘उद्या ऊन’ ऐकून कामाला लागायचं. वसंतात आणि शरदात कुठल्याही दिवशी पाऊस पडण्याची शक्यता साधारण १८ टक्के. म्हणजे ऋतूला पाच दिवस धरा, सणाचे दिवस वगळून. त्या वसंतात मला तिसऱ्या दिवसानंतर तीन पाऊस मिळाले. एकदा मी खाणीत होतो आणि आदल्या दिवशी संच लावायला विसरलो होतो. उरलेल्या दोन दिवसांत मी किती घालवले ते सांगत नाही. एका गळफेकीला आठ शक्ती जाते, दिवसाला असते २७०. संध्याकाळी माझा माणूस दमून हात लोंबवत उभा राहायचा, आणि मीही.

विलीकडे शिकाऊ लोकांसाठी २५ नाण्यांची एक काठी मिळते. तिची पट्टी मोठी असते. मी आनंदाने घेतली, दोन पावसांपैकी एक तिच्यावर घालवला. मग भाचीने सांगितलं की त्या काठीला फक्त सोपे मासे लागतात. कॅटफिश तिला शिवतसुद्धा नाही. सायकलला आधाराची चाकं लावून घाट चढायला निघालो होतो.

मग उन्हाळा. त्या ऋतूत नदीत कॅटफिश नाहीच. पश्चिमेच्या गुप्त जंगलातल्या तळ्यात मिळतो म्हणतात, पण तिथे जायला पोलादी कुऱ्हाड लागते आणि माझी तांब्याची होती. उन्हाळा मी ब्लूबेरी लावण्यात घालवला आणि रोज अर्धा दिवस नदीवर. सनफिश, सनफिश, सनफिश. सगळे थेट विलीकडे. हात मात्र सुधारत होता. दाबून धरायची सवय गेली, थोपटणं आलं. काकाही गरीची दोरी कधी आवळून धरत नसत, तर्जनीवर नुसती टेकवलेली असायची. लहानपणी वाटायचं, ते लक्ष देत नाहीत.

शरद आला. चौथ्या दिवशी पाऊस: दोन लागले, दोन्ही शेवटच्या बोटभर नळीत सुटले. अकराव्या दिवशी पाऊस: शॅड मिळाला, तो नीट पेटीत ठेवला. टायगर ट्राउट त्याच आठवड्यात आला. हा अवघडपणात ६०, झटके मारणारा, पण त्याला निदान चाल आहे. एकोणिसाव्या दिवशी पाऊस, हाती काही नाही.   घराबाहेर त्या दिवशी पुण्यातही पाऊस होता, हे वेगळं.

चोविसाव्या दिवशी सकाळी संचावर: उद्या पाऊस. शरदाचे चारच दिवस उरलेले, त्यात सत्ताविसावा सणाचा. नंतर हिवाळा, हिवाळ्यात पाऊस नाही, बर्फ. मी तयारीला लागलो. काठी फायबरग्लासची झाली होती, अठराशे नाण्यांची. पातळी पाच, म्हणजे पट्टी १३६. विलीकडून अडीचशेला ट्राउटचं सूप घेतलं, ते प्यायलं की काही मिनिटं एक पातळी वाढते. आणखी आठ ठिपके. आठ ठिपक्यांसाठी अडीचशे नाणी मोजताना मला माझीच थोडी काळजी वाटली.

पंचविसावा. पिकांना पाणी देव पाजत होता, मी सकाळी सातला पुलाखालच्या वळणावर. गळ जितका काठापासून लांब पडेल तितका कचरा कमी, म्हणून पूर्ण ताकदीने टाकत होतो. दुपारपर्यंत सामन, बास, दोन वॉलआय, एक फुटकी सीडी. दोनच्या सुमाराला पहिला कॅटफिश, तो वर जाऊन असा बसला की मला वाटलं थकला. मी पट्टी वर नेली आणि तो तळाला. गेला. चारला दुसरा, त्याच्याबरोबर खजिन्याची पेटी. मी पेटीकडे बघितलंसुद्धा नाही, खरं सांगतो, पण डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसली तेवढ्यात गेला. अंधार पडला. गावातले दिवे लागले, पाण्यावर पावसाचे गोल. सूप रात्रीसाठी राखलं होतं, दहा वाजता प्यायलो.

दहा पन्नासला उद्गारचिन्ह. मासा चौकटीच्या मध्यावर आला आणि थबकला. मी थोपटत राहिलो. तो वर, पट्टी अर्धी त्याच्याखाली. तो खाली, मी सोडलं, पट्टी तळाला आपटली आणि उडाली, पण या वेळी तिच्या उडण्याच्या वाटेत तोच आला. नळी अर्धी. पुन्हा वर. बटणावरचं माझं बोट मला जाणवत नव्हतं, तर्जनी होती ती. नळी तीन चतुर्थांश, मग थोडी खाली, मग भरली.

माझ्या माणसाने मासा दोन्ही हातांनी डोक्यावर धरला. एक्केचाळीस इंच. मिशा स्पष्ट दिसत होत्या, दोन-दोन ठिपक्यांच्या. चिवणी हातात घेताना काका आधी तिच्या कल्ल्यामागचे दोन काटे मोडायचे. ते बोटात शिरले की हात दिवसभर ठणकतो. मी पडद्यावर नकळत ते काटे शोधले. नव्हते.

धावत कम्युनिटी सेंटरला गेलो. माशांची खोली, नदीचा संच. शॅड ठेवला, टायगर ट्राउट ठेवला, कॅटफिश ठेवला. पडद्याचा फोटो काढून भाचीला पाठवला. रात्रीचा एक वाजला होता, म्हणजे माझ्या घड्याळातही. ती जागीच होती.

“वा मामा!!!” मग थोड्या वेळाने, “चौथा चौकोन रिकामा का आहे?”

मी पेटी उघडली. मग दुसरी पेटी. मग शीतकपाट.

“सनफिश?” तिने विचारलं.

सनफिश वसंतात आणि उन्हाळ्यात मिळतो. फक्त उन्हाच्या दिवशी.

“उद्या शुक्रवार आहे,” तिने लिहिलं. “जंगलात ती डुकराच्या गाडीवाली येते, तिच्याकडे कधीकधी असतो. नाहीतर वसंतापर्यंत थांब.”

मी घरी जाऊन संच लावला. पाऊस अजून पडत होता. उद्या दिवसभर स्वच्छ ऊन, असं ते म्हणाले, आणि ते कधी चुकत नाहीत.